डोंगराच्या पोटातलं उन्हाळं: कोव अता गुहेपर्यंतचे चार महिने

जूनमध्ये तुर्कमेनिस्तानला जायचं मनात आलं, तेव्हा मराठीत कुणी काही लिहिलंय का म्हणून मी दोन-तीन रात्री शोधत बसले होते. वाळवंटातल्या जळत्या गॅसच्या खड्ड्याबद्दल बरंच सापडलं. मला हवी होती ती गुहा मात्र दोन-चार ओळींतच उरकलेली. म्हणून जाऊन आल्यावर जसं घडलं तसं, तारखांसकट लिहून ठेवते आहे. साठीच्या आसपासची, गुडघे दुखणारी, पोहता न येणारी कुणी जाणार असेल तर तिला हे हाताशी असावं.

कोव अता ही तुर्कमेनिस्तानची राजधानी अश्गाबातपासून पश्चिमेला साधारण १०० किलोमीटरवर, बाहेर्देन गावाजवळची गुहा. कोपेत दाग डोंगराच्या पायथ्याशी. त्यांच्या भाषेत कोव म्हणजे गुहा आणि अता म्हणजे बाप. गुहेच्या तळाशी, जमिनीखाली साठेक मीटर खोल, कोमट पाण्याचं तळं आहे. लांबी सुमारे ७२ मीटर, आणि पाणी बारा महिने ३३ ते ३७ अंशांच्या दरम्यान.

मी भूगोल शिकवत होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. पण या गुहेची ओढ भूगोलामुळे लागली असं म्हणता येणार नाही. लहानपणी आजी दर थंडीत दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याला जायची, गुडघ्यांसाठी. मला बरोबर न्यायची. बायकांच्या कुंडात ती पदर खोचून बसायची आणि मी काठावर बसून पाय सोडायचे. कोकणात अशा गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळं म्हणतात. तो गंधकाचा वास आणि आजीचं ते डोळे मिटून बसणं माझ्या मनात एकत्रच राहिलं आहे. जमिनीच्या पोटात उतरून पोहोचता येईल असं उन्हाळं जगात कुठेतरी आहे हे वाचलं, आणि ते डोक्यातून जाईना.

घरात एवढ्या लांब यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. वन्सं तयार झाल्या. त्या एकसष्ट वर्षांच्या, माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या. म्हणाल्या, “वहिनी, कागदपत्रं तू बघ, खाण्याचं मी बघते.” ठरलं.

आता कागदपत्रं. जी गोष्ट सगळ्यात आधी समजून घ्यायला हवी ती ही, की या देशात पर्यटक म्हणून आपल्या मर्जीने तिकीट काढून जाता येत नाही. तिथल्या प्रवासी एजन्सीमार्फत सहल ठरवायची, गाइड बरोबर घ्यायचा, मग ती एजन्सी तुमच्यासाठी सरकारकडे आमंत्रणपत्र मागते. ते मंजूर झालं की ते दाखवून दिल्लीच्या वकिलातीतून व्हिसा घ्यायचा किंवा अश्गाबातच्या विमानतळावर उतरल्यावर. आम्ही विमानतळाचा मार्ग धरला, कारण दिल्लीचे हेलपाटे परवडणारे नव्हते.

तीन एजन्सींना ईमेल पाठवले. दोघांची उत्तरं आली. एकीशी बोलणं जमलं. २४ जूनला सगळं पाठवलं: पासपोर्टच्या पानाचा रंगीत स्कॅन, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो, आणि एक अर्ज ज्यात शिक्षण, नोकरी, घरचा पत्ता असं सगळं. नोकरीचा दाखला मागितला तेव्हा मी अडले. निवृत्त माणसाने कुठला दाखला द्यायचा? त्यांना विचारलं तर म्हणाले, शेवटच्या नोकरीच्या ठिकाणचं पत्र चालेल, पण इंग्रजीत आणि शिक्क्यासह. शाळेत गेले. जुने सहकारी भेटले, चहा झाला, पण पत्र मिळायला आठ दिवस गेले. वन्संनी कधीच नोकरी केलेली नाही, त्यांच्यासाठी ‘गृहिणी’ एवढं लिहून भागलं.

तीन ते चार आठवडे लागतील असं सांगितलं होतं. जुलै गेला. रोज सकाळी ईमेल उघडायचा आणि बंद करायचा. ९ ऑगस्टला दोघींची आमंत्रणपत्रं आली. मी आनंदाने वन्संना फोन लावला आणि बोलता बोलता पत्राकडे नीट पाहिलं. माझ्या पत्रावर फक्त माझं नाव आणि आडनाव होतं. मधलं नाव, म्हणजे यजमानांचं नाव, गळलं होतं.

आपल्याकडच्या बहुतेकांच्या पासपोर्टवर पहिलं आणि मधलं नाव एकाच ओळीत छापलेलं असतं, आडनाव वेगळ्या ओळीत. परदेशी अर्जात दोनच चौकटी असतात. एजन्सीतल्या कुणीतरी माझं मधलं नाव अनावश्यक समजून गाळलं होतं. मी विचारलं, असंच चालेल का? त्यांनी आधी चालेल म्हटलं, दोन दिवसांनी चालणार नाही म्हटलं. पासपोर्ट आणि पत्र यांत एका अक्षराचाही फरक असला तर खिडकीवरून परत पाठवू शकतात. पुन्हा अर्ज. पुन्हा तीच वाट. त्या आठवड्यात मला खरंच रडू आलं होतं, कारण वन्संचं पत्र बरोबर होतं आणि त्याची मुदत चालू झालेली होती. माझ्यामुळे त्यांचंही राहतं की काय, ही धास्ती मोठी होती.

२३ सप्टेंबरला दुरुस्त पत्र आलं. या वेळी मी पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न अक्षर बोटाने जुळवलं, आणि मगच विमानाचं तिकीट काढलं. हे फार महत्त्वाचं आहे: आमंत्रणपत्र हातात येईपर्यंत परत न मिळणाऱ्या पैशाचं कुठलंही बुकिंग करू नका. आणि एजन्सीला पहिल्याच ईमेलमध्ये लिहा, की पासपोर्टवर नाव जसं छापलंय तसंच, सगळेच्या सगळे शब्द टाका.

२१ ऑक्टोबरला मुंबईहून दुबईमार्गे निघालो आणि २२ तारखेला भल्या पहाटे अश्गाबातला उतरलो. तिथलं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे आहे. विमानतळावर व्हिसाची खिडकी वेगळी. आमंत्रणपत्र आणि पासपोर्ट आत द्यायचा, ते एक चिठ्ठी देतात, तिचे पैसे बाजूच्या बँकेच्या खिडकीवर डॉलरमध्ये भरायचे, पावती घेऊन परत पहिल्या खिडकीवर. आम्ही गेलो तेव्हा करोनाची चाचणीही तिथेच करत होते, तिचे पैसे निराळे. व्हिसा, स्थलांतर शुल्क आणि चाचणी मिळून दोघींचे पावणेतीनशे डॉलरच्या आसपास गेले. नोटा कोऱ्या लागतात. माझी एक दुमडलेली वीसची नोट त्यांनी शांतपणे परत सरकवली. सुटे डॉलर, म्हणजे एकच्या आणि पाचच्या नोटा, भरपूर ठेवा. दोन तास उभं राहणं झालं. वन्संना एका सफाई करणाऱ्या बाईने स्वतःहून खुर्ची आणून दिली.

बाहेर आमची गाइड पाटी धरून उभी होती. पंचविशीची मुलगी, लांब वेणी, पायापर्यंत पोचणारा निळा झगा आणि गळ्याशी बारीक भरतकाम. तिने आम्हाला पहिल्यापासून ‘दायझा’ म्हटलं. दायझा म्हणजे मावशी.

अश्गाबातबद्दल फार लिहीत नाही. शहर पांढऱ्या संगमरवराचं आहे, रस्ते रुंद आणि मोकळे. सरकारी इमारतींचे फोटो काढायचे नसतात, म्हणून प्रत्येक वेळी तिला विचारूनच फोन वर करायचो. हॉटेलात आमचं कार्ड चालणार नाही हे एजन्सीने आधीच बजावलं होतं, सगळे व्यवहार रोख. एक मात्र घरी सांगून ठेवायला हवं होतं, ते राहिलं: तिथे व्हॉट्सॲप चालत नाही. आमच्याकडून दोन दिवस काहीच निरोप न गेल्याने घरचे घाबरले होते. शेवटी हॉटेलच्या फोनवरून बोललो. तुम्ही निघण्याआधीच सांगून ठेवा.

तिसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, गुहा.

सकाळी आठला निघालो. रात्रीची थंडी अजून होती, दोघींनी शाली घेतल्या. डाव्या हाताला कोपेत दाग डोंगर सतत सोबत. उघडे, मातकट, घड्या पडलेले. त्याच्या पलीकडे इराण. उजव्या हाताला सपाट काराकुम वाळवंटाची सुरुवात. पाऊणेक तासाने ग्योकदेपे लागलं, निळ्या घुमटांची मोठी मशीद रस्त्यावरूनच दिसते. १८८१च्या जानेवारीत रशियन सैन्याने इथला तुर्कमेनांचा किल्ला सुरुंग लावून फोडला आणि त्यात हजारो माणसं मारली गेली. गाइडने ते सांगितलं आणि मग बराच वेळ ती गप्प होती. आम्हीही काही विचारलं नाही.

वाटेत पोलिसांच्या चौक्या आहेत. ड्रायव्हर कागद दाखवतो, गाडी पुढे जाते. मूळ पासपोर्ट मात्र जवळ असू द्यावा, झेरॉक्स पुरत नाही.

गुहेपाशी पोचलो तेव्हा दहा वाजले होते. समोर डोंगराच्या अंगाला एक काळं तोंड, बाहेर वाहनतळ, दोन-तीन टपऱ्या, कबाबच्या शेगडीचा धूर. तिकीट आमच्या सहलीच्या पैशांतच धरलेलं होतं. वन्संनी ओट्यावर बसून तिखटमिठाच्या दशम्या सोडल्या आणि म्हणाल्या, आधी थोडं खाऊन घेऊ. गाइडने थांबवलं. भरल्या पोटी त्या पाण्यात उतरू नये. एकच दशमी आम्ही अर्धी अर्धी खाल्ली.

तोंडाशी उभं राहिलं की पहिल्यांदा वास येतो. मी तिथेच थांबले. उन्हवऱ्याचा वास. सडक्या अंड्याचा म्हणतात तो, हायड्रोजन सल्फाइडचा. माझ्यासाठी तो आजीचा वास आहे. पन्नास वर्षांनी, इतक्या दूरच्या मुलखात, ओळखीचं माणूस दारात उभं असावं तसं वाटलं.

पायऱ्या पावणेतीनशेच्या आसपास आहेत. बाजूला लोखंडी कठडा आहे, दिवे लावलेले आहेत, पण दोन दिव्यांच्या मध्ये अंधाराचे पट्टे राहतात. पायऱ्यांची उंची सारखी नाही. ओल असते. आम्ही रबरी तळव्याच्या, मागून पट्टा असलेल्या सँडल घातल्या होत्या, त्यांनी फार साथ दिली. डोक्याला लावायचे टॉर्च नेले होते, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहिले. गुडघ्यांसाठी मी घरूनच एक युक्ती ठरवली होती: दुखरा पाय आधी खाली, दुसरा त्याच पायरीवर, आणि दर दहा पायऱ्यांना थांबायचं. वन्सं मोठ्याने मोजत होत्या. दहा झाले की “थांब”, दोन श्वास, पुन्हा एक.

शंभरीच्या पुढे वळणावर मागे वळून पाहिलं तर गुहेचं तोंड दिसेनासं झालं होतं. तिथे माझी छाती आवळली. मला बंद जागेची भीती आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. हवा उबदार आणि जड झाली होती, शालीखाली घाम फुटला, आणि डोक्यावरचा सगळा डोंगर मला एकदम जाणवला. याच पट्ट्यात १९४८च्या ऑक्टोबरमध्ये भूकंप झाला आणि अश्गाबात जवळजवळ सगळं कोसळलं, हे आदल्या दिवशीच स्मारकापाशी ऐकलेलं होतं. वर्गात मी हा प्रस्तरभंग फळ्यावर किती वेळा काढला असेल. जमिनीतल्या याच भेगेतून खोलवर तापलेलं पाणी वर येतं, म्हणून तळं कोमट आहे. जी भेग शहर पाडते तीच हे पाणी देते, हे मुलांना सांगणं वेगळं आणि त्या भेगेच्या आत उभं राहणं वेगळं.

मी कठडा धरून पायरीवर बसले. वन्सं शेजारी बसल्या. काही बोलल्या नाहीत, माझी शाल काढून स्वतःच्या हातावर घेतली. गाइड दोन पायऱ्या खाली उभी राहून म्हणाली, “दायझा, इथे खूप जण बसतात. परत जायचं असेल तरी चालेल, बसायचं असेल तरी चालेल.” पाच मिनिटं बसले असेन. परत जायची मोकळीक आहे हे कळल्यावरच श्वास जागेवर आला. मग वन्सं म्हणाल्या, “दहाच उतरू. नाही जमलं तर फिरू.” आम्ही दहा उतरलो. मग आणखी दहा.

तुमच्याबाबतीत असं झालं तर वर्दळीच्या वाटेतून बाजूला होऊन बसा, मागून येणाऱ्यांना जाऊ द्या. घाईने उतरायचा प्रयत्न करू नका. गरम कपडे वरच, गाडीत ठेवा, खाली त्यांचा त्रासच होतो.

तळाशी गुहा एकदम मोठी होते. छत कुठेतरी वर अंधारात. दिव्याच्या झोतात कडेला काही वटवाघळं लटकलेली दिसली. उन्हाळ्यात ती हजारोंनी असतात असं गाइड म्हणाली, मध्य आशियातल्या मोठ्या वसाहतींपैकी ही एक. आणि समोर पाणी. दिवा पडतो तिथे हिरवट निळं आणि इतकं नितळ की खालचे दगड मोजता यावेत, आणि जरा पुढे पूर्ण काळं. पुढे खोली दहा मीटरच्या वर जाते, म्हणून पोहता येत नसेल तर कडेच्या दगडांपलीकडे जायचं नाही.

कपडे बदलायला आडोसा आहे, पण आम्ही गडद रंगाचे नायलॉनचे कुर्ते आणि लेगिंग्ज हॉटेलातूनच आतून घालून आलो होतो. तिथल्या बायकाही पूर्ण झग्यातच उतरत होत्या, त्यामुळे अवघडलेपण वाटलं नाही. वन्संनी पैंजण, जोडवी, बांगडी सगळं वर गाडीतच काढून ठेवलेलं. आजी उन्हवऱ्याला माझे वाळे काढून ठेवायची, हे मला आठवत होतं. पण माझी जोडवी पाय सुजल्यामुळे निघाली नाहीत, तशीच राहिली.

पहिलं पाऊल टाकलं. कसं सांगू? अंघोळीचं पाणी विसणून अगदी बेताचं झालेलं असतं ना, तितकं. गरम म्हणवत नाही, गार तर नाहीच. दगडावर बुळबुळीत थर आहे, म्हणून बसत बसत सरकलो आणि छातीपर्यंत पाण्यात गेलो. थोड्या वेळाने अंग कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळेना. समोर एक आजी नातवाला पाठीवर घेऊन हळूहळू पाणी कापत गेल्या. पलीकडून त्यांचा आवाज घुमून आला, मग पाण्याचा थेंब पडल्याचा, मग काही नाही. वन्संनी डोळे मिटले होते. चेहऱ्यावर दिव्याचा पिवळा उजेड. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

पंधरा मिनिटांनी गाइडने हाक मारली. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर याहूनही कमी वेळ बसावं, आणि डॉक्टरांना निघण्याआधी विचारावं. मी विचारलं होतं. पाण्यातून उठल्यावर अंग एकदम जड होतं, जरा चक्कर आल्यासारखं वाटतं. दहा मिनिटं बसून, पाणी पिऊन, मगच पायऱ्यांना लागलो.

चढायला चाळीस मिनिटं लागली. खरी दमछाक वर येतानाच होते, हे लक्षात ठेवून ताकद राखा. दर दहाला थांबणं चालूच होतं. या वेळी मोजत मी होते. वळणापाशी उजेडाचा ठिपका दिसला तेव्हा वन्संनी माझा हात दाबला.

बाहेर गार वारा. ओले कपडे आधी बदला, चहा मग. ड्रायव्हरने टपरीवरून हिरव्या चहाची किटली आणि तंदुरातली जाड गोल रोटी आणली. त्या रोटीला चोरेक म्हणतात. वन्संनी ती शेंगदाण्याच्या चटणीशी दिली. गाइडला चटणी आवडली, डब्यातली उरलेली तिलाच दिली.

संध्याकाळी हॉटेलात मोजे काढले तेव्हा जोडवी काळी पडलेली दिसली. धुराने काळवंडतात तशी नव्हे, निळसर झाक असलेली काळी. गंधकाने चांदी काळी पडते. तुम्ही जाणार असाल तर चांदीचं सगळं आदल्या रात्रीच, पाय सुजलेले नसताना काढून ठेवा.

२६ तारखेला परत निघालो. तिथे तीन दिवसांहून जास्त राहायचं तर नोंदणी करावी लागते, ती एजन्सीने केली होती. त्यासाठी दोन फोटो लागतात, ते घरूनच न्या. खर्चाचं विचाराल तर सहलीचे दोघींचे १२०० डॉलर, विमानाचं तिकीट प्रत्येकी ४६ हजार, विमानतळावरचं वर सांगितलंच. सगळं धरून दोघींचा सव्वादोन लाखांच्या आसपास गेला. मी निवृत्तीच्या पैशांतून केला, आणि वन्संनी त्यांचा वाटा स्वतःच्या साठवणीतून दिला.

गेल्या रविवारी वन्संच्या मैत्रिणीचा अर्ज भरायला बसलो. त्यांच्या पासपोर्टवरही तिन्ही नावं आहेत. वन्संनी पासपोर्ट टेबलावर उघडून ठेवला, चष्मा लावला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचू लागल्या, आणि मी लिहू लागले.